धुराडे नसलेल्या कारखान्यांचा धूर

ठाणे-बेलापूर मार्गालगतच्या औद्योगिक पट्ट्याचा चेहरामोहरा गेल्या दशकभरात पालटला आहे. जेथे रसायनांचे आणि औषधांचे कारखाने होते, तेथे ऐरोली, रबाळे, महापे परिसरात आता उंच, बहुतांशी खिडक्या नसलेल्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. त्यांना धुराडे नाही, भोंगा नाही, पाळी सुटल्यावर फाटकातून लोटणारी कामगारांची गर्दी नाही. ही डेटा सेंटर होत. बँकेतील खात्याची नोंद, रेल्वेचे आरक्षण, भाजीवाल्याला मोबाइलवरून दिलेले चाळीस रुपये, रात्री उशिरा पाहिलेली मालिका या साऱ्यांचा प्रवास अशाच इमारतींमधून होतो. देशातील डेटा सेंटरच्या एकूण क्षमतेपैकी जवळजवळ निम्मी मुंबई आणि नवी मुंबईच्या परिसरात एकवटली आहे. समुद्रतळावरून येणाऱ्या दूरसंचार केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, बँका आणि शेअर बाजार येथेच आहेत, आणि वीजपुरवठा देशाच्या इतर भागांच्या तुलनेत भरवशाचा आहे, ही त्यामागील कारणे.

या कारखान्यांचा कच्चा माल म्हणजे वीज. ती कोणत्या इंधनातून आली यावर त्यांचे कार्बन उत्सर्जन ठरते. आपण अमुक टक्के हरित विजेवर चालतो, असे उद्योगांकडून सांगितले जाते. दुसरीकडे, संगणक आणि मोबाइल पृथ्वीच्या तापमानवाढीला हातभार लावत असल्याचे इशारे दिले जातात. दोन्ही बाजूंचे आकडे बहुधा वर्षाच्या हिशेबात मांडलेले असतात. वीज मात्र वर्षाच्या हिशेबाने वापरली जात नाही. ती ज्या क्षणी निर्माण होते, जवळपास त्याच क्षणी खर्ची पडते. सारा घोळ येथे आहे.

अतिशयोक्ती आणि वस्तुस्थिती

प्रथम प्रमाण पाहू. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०२४ मध्ये जगभरातील डेटा सेंटरनी सुमारे ४१५ टेरावॉट-तास, म्हणजे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण वीजवापराचा हा साधारण दीड टक्का होतो. या विजेपोटी होणारे उत्सर्जन सुमारे १८ कोटी टन, म्हणजे इंधनज्वलनातून होणाऱ्या एकूण जागतिक उत्सर्जनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे. पोलाद, सिमेंट किंवा रस्त्यावरील वाहनांपुढे हा वाटा किरकोळच म्हणावा लागेल. काळजी आहे ती वाढीच्या वेगाची. याच अहवालाच्या अंदाजानुसार २०३० पर्यंत हा वापर ९४५ टेरावॉट-तासांवर जाईल. संपूर्ण जपान आज जेवढी वीज वापरतो, त्याहून किंचित अधिक.

या विषयात अतिशयोक्तीही पुष्कळ झाली आहे. अर्धा तास इंटरनेटवर चित्रपट पाहणे म्हणजे सहा किलोमीटर मोटार चालवण्याइतके उत्सर्जन, असा दावा २०१९ मध्ये जगभरच्या वृत्तपत्रांतून गाजला. ज्या फ्रेंच अभ्यासगटाच्या आकडेमोडीवर तो आधारलेला होता, त्या गटाने बिट आणि बाइट यांची गल्लत झाल्याचे पुढे मान्य करून आकडा आठपटीने खाली आणला. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२० च्या सुधारित अंदाजानुसार एक तास चित्रपट पाहण्याचे उत्सर्जन जागतिक सरासरीने ३६ ग्रॅम भरते. कोळशावर अधिक अवलंबून असलेल्या भारतात ते याहून जास्त धरावे लागेल. तरीही लोकलमध्ये मोबाइलवर मालिका पाहणाऱ्या प्रवाशाने अपराधी वाटून घ्यावे, असे त्यात काही नाही. मोबाइलच्या बाबतीत खरे उत्सर्जन त्याच्या निर्मितीत होते. तो वापरताना खर्च होणारी वीज त्यामानाने फार थोडी असते. दर दोन वर्षांनी नवा संच घेण्याची हौस ही मालिका पाहण्यापेक्षा कितीतरी महाग पडते.

यंत्रांची कार्यक्षमता वाढल्याने वीजवापर आटोक्यात राहू शकतो, हे एकदा घडून गेलेले आहे. २०१० ते २०१८ या काळात जगातील डेटा सेंटरमधील गणनकार्य सुमारे साडेपाच पटींनी वाढले, पण त्यांचा वीजवापर केवळ सहा टक्क्यांच्या आसपास वाढला, असा निष्कर्ष ‘सायन्स’ या नियतकालिकात २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काढण्यात आला होता. लहान कार्यालयांच्या कोपऱ्यातील जुने सर्व्हर बंद होऊन काम मोठ्या, सुनियोजित केंद्रांत गेले, हे त्याचे मुख्य कारण. हा लाभ आता बराचसा पदरात पडून गेला आहे. त्यातच कृत्रिम बुद्धिमत्तेचे युग अवतरले. तिच्यासाठी लागणाऱ्या चिप एकाच कपाटात अनेक पटींनी अधिक वीज ओढतात आणि तितकीच उष्णता बाहेर टाकतात. गुगलचे उत्सर्जन २०१९ च्या तुलनेत २०२३ मध्ये ४८ टक्क्यांनी वाढल्याचे त्या कंपनीने स्वतःच जाहीर केले. मायक्रोसॉफ्टने २०२० च्या तुलनेत सुमारे २९ टक्के वाढ नोंदवली. या दोन्ही कंपन्या जगातील अक्षय ऊर्जेच्या सर्वांत मोठ्या खरेदीदारांपैकी आहेत, ही बाब ध्यानात घेण्याजोगी.

कार्यक्षमता वाढली म्हणजे वापर घटतो, हा समज फसवा आहे, हे विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये कोळशाच्या संदर्भातच दाखवून दिले होते. वाफेची इंजिने काटकसरी झाली, तसा इंग्लंडचा कोळशाचा खप वाढत गेला. माहिती तंत्रज्ञानामुळे २०३० पर्यंत जगाचे उत्सर्जन २० टक्क्यांनी कमी होऊ शकेल, असा अंदाज २०१५ मध्ये मांडण्यात आला होता. पण तो मांडणारी संस्था याच उद्योगाची होती.

सूर्य मावळल्यानंतर

भारताची स्थिती वरकरणी आश्वासक आहे. देशातील एकूण स्थापित वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म स्रोतांची झाल्याची घोषणा २०२५ च्या मध्यास झाली. सौरऊर्जेने १०० गिगावॉटचा टप्पा त्याच वर्षाच्या जानेवारीत ओलांडला होता. परंतु क्षमता आणि निर्मिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सौर पॅनेल रात्री काहीच देत नाही, ढगाळ दुपारी थोडेच देते. वर्षभराची सरासरी काढली, तर चांगल्या जागेवरील प्रकल्पही आपल्या क्षमतेच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतकीच वीज देतो. त्यामुळे प्रत्यक्ष निर्मितीत कोळशाचा वाटा अजूनही दहांत सातच्या आसपास आहे. राष्ट्रीय ग्रिडमधून घेतलेल्या एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

हा फरक एका काल्पनिक डेटा सेंटरच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, त्याची गरज अहोरात्र १०० मेगावॉट आहे. सर्व्हरना झोप नाही, सुटी नाही. पहाटे तीनची गरज दुपारी तीनच्या गरजेहून फारशी वेगळी नसते. वर्षाला त्याला ८७.६ कोटी युनिट लागतील. सारी वीज ग्रिडमधून घेतली, तर उत्सर्जन सहा लाख टनांच्या वर जाईल. आता कंपनीने दूरच्या जिल्ह्यात ५०० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारला. क्षमतेच्या २० टक्के धरले, तर तोही वर्षाला बरोबर ८७.६ कोटी युनिट देईल. वर्षाचा ताळेबंद जुळला. अहवालात ‘१०० टक्के हरित’ असे लिहिता आले.

तासाचा ताळेबंद मात्र वेगळी गोष्ट सांगतो. भर दुपारी प्रकल्प केंद्राच्या गरजेच्या कितीतरी पट वीज देतो आणि जादा वीज ग्रिडमध्ये जाते. संध्याकाळी सातला त्याची निर्मिती शून्य होते आणि केंद्र पूर्णपणे ग्रिडवर येते. अशा रीतीने केंद्राच्या वार्षिक गरजेपैकी एक तृतीयांशाहून थोडीच अधिक वीज प्रत्यक्ष त्या सौर प्रकल्पाची असते. उरलेली रात्रीची, म्हणजे मुख्यतः कोळशाची.

दुपारी ग्रिडमध्ये गेलेल्या जादा विजेने दुसरीकडचा कोळसा वाचत नाही का? वाचतो, आणि हा युक्तिवाद रास्त आहे. परंतु त्याला मर्यादा आहे. कोळशाचा संच दिव्याप्रमाणे चालू-बंद करता येत नाही. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनुसार हे संच क्षमतेच्या ५५ टक्क्यांपर्यंत खाली आणता आले पाहिजेत, आणि पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत. त्याखाली जाता येत नाही, आणि संच पूर्ण बंद केला तर संध्याकाळी तो वेळेत पुन्हा तापत नाही. त्यामुळे दुपारची सौर वीज जसजशी वाढते, तसतसे तिच्यातील प्रत्येक नव्या युनिटने वाचणारे कोळशाचे प्रमाण घटत जाते. भरपूर ऊन आणि बेताची मागणी अशा दिवशी वीज बाजारातील दुपारचे दर तळाला जातात, तर सूर्यास्तानंतर ते कमाल मर्यादेला, म्हणजे युनिटमागे दहा रुपयांना भिडल्याचेही दिसले आहे. राजस्थानात पारेषण वाहिन्या अपुऱ्या पडल्याने २०२५ मध्ये सौर प्रकल्पांना निर्मिती आवरती घ्यावी लागली.

आपल्या राज्यात मुक्त प्रवेशाने हरित वीज घेणाऱ्या ग्राहकाची जादा वीज महिन्याच्या हिशेबात वळती करून घेण्याची सोय आहे. तिला ‘बँकिंग’ म्हणतात. नाव बँकेचे असले, तरी दुपारी जमा केलेली वीज कोणत्याही तिजोरीत ठेवलेली नसते. मध्यरात्री ती ‘काढली’ जाते, तेव्हा वीज कंपनीला ती अन्यत्र निर्माण करून किंवा विकत घेऊनच द्यावी लागते.

मुंबईची गोष्ट निराळी

मुंबईत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. अदानी इलेक्ट्रिसिटीने २०२३ च्या दिवाळीत, १२ नोव्हेंबर रोजी, आपल्या ग्राहकांना सलग चार तास केवळ अक्षय ऊर्जा पुरवल्याचे जाहीर केले होते. ही कामगिरी उल्लेखनीय होती. राजस्थानातील जैसलमेरच्या पवन-सौर संकरित प्रकल्पाचा तिच्यात मोठा वाटा होता. ते चार तास मात्र सकाळी दहा ते दुपारी दोनचे होते, आणि दिवस रविवारचा, लक्ष्मीपूजनाचा. बहुतेक कार्यालये बंद, मागणी कमी, डोक्यावर ऊन.

रात्रीच्या मुंबईला ट्रॉम्बे आणि डहाणू लागतात. माहुलजवळच्या ट्रॉम्बे केंद्रात टाटा पॉवरचे कोळशावर चालणारे दोन संच आहेत. त्यांपैकी ५०० मेगावॉटचा संच १९८४ चा, तर २५० मेगावॉटचा २००९ चा आहे. डहाणूचे ५०० मेगावॉटचे केंद्र १९९० च्या दशकातील. चिकूच्या बागांसाठी ओळखल्या जाणाऱ्या त्या तालुक्यातील नागरिकांनी या केंद्राविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला होता. ट्रॉम्बेचे वीजखरेदी करार २०२४ मध्ये संपत होते. ते पुढे वाढवण्यात आले.

त्याचा दोष केवळ डेटा सेंटरच्या माथी मारणे योग्य ठरणार नाही. मुंबई हे चिंचोळे, समुद्राने वेढलेले शहर आहे. बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्यांची क्षमता अनेक वर्षे अपुरी होती. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी कळवा-पडघा परिसरातील वाहिन्यांत एकापाठोपाठ बिघाड होऊन लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हा हे सर्वांच्या अनुभवास आले. त्यानंतर रखडलेल्या कामांना गती मिळाली. खारघर-विक्रोळी ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली, आणि कुडूस ते आरे या १,००० मेगावॉटच्या उच्चदाब एकदिश वाहिनीचे काम हाती घेण्यात आले. शहराच्या आत वीजनिर्मिती असल्याशिवाय ग्रिड कोसळल्यास मुंबईला अलग करून वाचवण्याची जुनी ‘आयलँडिंग’ योजना चालत नाही. म्हणून ट्रॉम्बे टिकते. पण अहोरात्र न ढळणारी मागणी ज्या प्रदेशात वाढत जाते, तेथे जुने संच निवृत्त करणे अवघड होते, हेही तितकेच खरे. माहुल परिसरातील रहिवाशांची हवा या हिशेबाच्या कोणत्याही रकान्यात येत नाही.

हे संकट एकट्या मुंबईचे नाही. आयर्लंडमध्ये देशाच्या एकूण विजेपैकी २०१५ मध्ये पाच टक्के वीज डेटा सेंटर वापरत होती. २०२३ मध्ये हे प्रमाण २१ टक्क्यांवर गेले. देशातील शहरी घरांच्या एकत्रित वापरापेक्षा ते अधिक होते. डब्लिनच्या परिसरात नव्या जोडण्या देणे तेथील ग्रिड कंपनीने २०२२ पासून जवळपास थांबवले. आयर्लंडमध्ये वाऱ्याची वीज मुबलक आहे. तरीही ही पाळी आली.

दुसरी बाजू

असे असले, तरी डिजिटल तंत्रज्ञानाला केवळ आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करता येणार नाही. त्याच्याविना आजचे अक्षय ऊर्जेचे प्रमाण ग्रिडला पेलवलेच नसते. विजेच्या व्यवस्थापनात दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडलेले असतात. प्रत्येक भागात किती वीज येणार आणि किती लागणार, याचा अंदाज आधी बांधावा लागतो. सातारा, सांगली, धुळे येथील पवनचक्क्यांवर वारा केव्हा पडेल, मराठवाड्यावर ढग केव्हा येतील, याचे भाकीत उपग्रहांची छायाचित्रे आणि संगणकीय प्रारूपे यांच्या साहाय्याने केले जाते. देशात त्यासाठी स्वतंत्र अक्षय ऊर्जा व्यवस्थापन केंद्रे आहेत. राज्याचा समतोल ऐरोली-कळवा येथील राज्य भार प्रेषण केंद्र सांभाळते. अंदाज चुकला की राखीव म्हणून कोळशाचे संच तापत ठेवावे लागतात. अंदाज जितका अचूक, तितका हा फुकट जाळलेला कोळसा कमी. डेटा सेंटरच्या धुराचे गणित मांडताना सहसा ही बचत विचारात घेतली जात नाही.

दुसरे साधन म्हणजे मागणीच दिवसा आणणे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये केलेल्या नियमांनुसार सौर तासांतील वीजदर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी आणि कमाल मागणीच्या काळात अधिक ठेवावयाचा आहे. असे दर स्मार्ट मीटरशिवाय अमलात आणता येत नाहीत. स्मार्ट मीटरबद्दल ग्राहकांत नाराजी आहे आणि वाढीव बिलांच्या तक्रारींचे निराकरण झालेच पाहिजे. पण दुपारी कपडे धुणाऱ्याला स्वस्त आणि रात्री वातानुकूलन यंत्र चालवणाऱ्याला महाग, हा न्याय मीटरला वेळ कळल्याशिवाय होणे नाही.

या बाबतीत शहरांपेक्षा खेडी पुढे निघाली आहेत. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला वर्षानुवर्षे कृषिपंपासाठी रात्रीची वीज मिळाली. विंचू-काट्याची, बिबट्याची भीती पत्करून त्याने अंधारात पाणी धरले, कारण दिवसाची वीज कारखान्यांना आणि शहरांना हवी होती. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात उपकेंद्रांजवळ लहान सौर प्रकल्प उभारून कृषी वाहिन्यांना दिवसा वीज देण्याचे काम सुरू आहे. शेतीची मागणी रात्रीकडून दिवसाकडे सरकत असताना रात्रीची मोकळी होणारी जागा सर्व्हर भरून काढू लागले आहेत, असा हा विचित्र योग आहे.

सर्व्हरची सारीच कामे तातडीची नसतात. पैशांचा व्यवहार सेकंदात व्हावा लागतो. पण चित्रफितींची प्रक्रिया, माहितीच्या प्रती काढणे, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रारूपांचे प्रशिक्षण ही कामे काही तास पुढे-मागे करता येतात. गुगलने २०२० पासून अशी कामे स्वच्छ विजेच्या तासांकडे सरकवण्याची पद्धत अवलंबली आहे. मुंबईसारख्या दमट हवेत यंत्रे थंड ठेवण्यासाठी मोठी वीज लागते. दुपारी पाणी गार करून साठवले आणि संध्याकाळी वापरले, तर त्यातला काही भार सौर तासांत आणता येतो. हे शक्य आहे, पण सध्याच्या हिशेबपद्धतीत ते करण्याचे बक्षीस मिळत नाही. वर्षाच्या प्रमाणपत्रावर दुपारचे युनिट आणि मध्यरात्रीचे युनिट सारखेच दिसते. कंपन्यांच्या उत्सर्जनाच्या नोंदीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल’ या नियमावलीत वार्षिकाऐवजी तासागणिक ताळमेळ मागावा, असा प्रस्ताव २०२५ मध्ये हरकती-सूचनांसाठी खुला करण्यात आला. उद्योगांचा एक गट त्याला खर्चिक म्हणून विरोध करत आहे. आपल्याकडे डेटा सेंटरना सवलती देताना ही अट सरकारला स्वतःहून घालता येईल.

तासागणिक ताळमेळ जमवायचा, तर दुपारची वीज रात्रीपर्यंत राखावी लागेल. बॅटऱ्यांच्या किमती वेगाने उतरत आहेत, आणि नव्या सौर निविदांत क्षमतेच्या किमान दहा टक्के इतकी, दोन तासांची साठवण असावी, अशी सूचना केंद्रीय वीज प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२५ मध्ये केली. दोन तासांनी संध्याकाळ निघेल, रात्र निघणार नाही. दीर्घ साठवणीसाठी सह्याद्रीकडेच वळावे लागते. मुंबईच्या कापड गिरण्या कोळशाच्या धुरातून बाहेर पडल्या, त्या १९१५ मध्ये खोपोलीला आलेल्या घाटमाथ्यावरील पाण्याच्या विजेने. आता भिवपुरी आणि शिरवटा येथे मिळून २,८०० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पांसाठी टाटा पॉवरने राज्य सरकारशी ऑगस्ट २०२३ मध्ये सामंजस्य करार केला आहे. दोन जलाशयांपैकी खालच्यातील पाणी वीज जादा असताना वर चढवायचे आणि गरज लागली की सोडून वीज घ्यायची, अशी ही रचना असते. चार युनिट खर्चून साधारण तीन परत मिळतात.

राज्यात असा एक प्रकल्प २००८ पासून उभा आहे. शहापूर आणि अकोले तालुक्यांच्या सीमेवरील घाटघर येथे २५० मेगावॉटची क्षमता आहे. अशा प्रकल्पांत पाणी वर चढवण्याची वेळ रात्रीची धरली जात असे, कारण त्या काळी मध्यरात्रीनंतर कोळशाचे संच रिकामे चालत आणि वीज स्वस्त असे. सौर ऊर्जेने हे वेळापत्रक उलटे केले आहे. आता पंप चालवण्याची योग्य वेळ दुपारी बाराची आहे.